ज्योतीरामने बंद केलेले डबे

डबा उघडला की ज्योतीराम आधी तो हुंगतो. चष्मा नंतर, भिंग त्याहून नंतर. करपट वास आला तर विजेचा मोठा झटका बसला आहे. ओल्या गोणपाटासारखा आला तर पाणी शिरले आहे. मुताचा आला तर उंदीर, आणि मग त्या दिवशी टेबल दोनदा पुसायचे.

चाकणजवळ महाळुंग्याच्या चौकातून आत वळले की वजनकाट्यामागे पत्र्याच्या चार गाळ्यांची रांग आहे. पंक्चरवाला, वडापाव, कामगारांना भाड्याच्या खोल्या दाखवणाऱ्याचे ऑफिस आणि शेवटी ज्योतीराम. त्याच्या गाळ्यावर पाटी नाही. तरी तळेगावपासून मंचरपर्यंतचे मेकॅनिक पिशवीत एक ॲल्युमिनियमचा डबा घालून इथे येतात. इंजिनाला इंधन किती द्यायचे, ठिणगी कधी टाकायची, हे आजच्या गाडीत हा डबा ठरवतो. कंपनीच्या कागदावर तो इंजिन कंट्रोल मॉड्यूल, मेकॅनिकच्या तोंडी ईसीएम. ज्योतीराम नुसता डबा म्हणतो. तो बिघडला की गाडी धड चालत नाही, आणि शोरूमवाले एकच उपाय सांगतात: नवा बसवा. ज्योतीराम उघडून बघतो.

डबे का मरतात, हे त्याला या पट्ट्याच्या पंचांगासारखे पाठ आहे. पावसाळ्यात ओल. उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या तारा. चाकण-तळेगाव रस्त्याच्या खड्ड्यांनी सोल्डरच्या टाक्याला पडलेली केसाएवढी चीर, गरम झाली की गाडी बंद, गार झाली की सुरू. बॅटरी उतरली म्हणून एखाद्या कनवाळू कंटेनरवाल्याने आपल्या चोवीस व्होल्टवरून बारा व्होल्टच्या गाडीला दिलेला स्टार्ट. बॅटरीचे टर्मिनल न काढता मारलेले वेल्डिंग. आणि निम्म्या वेळा डबा ठणठणीत असतो, गंजलेली असते ती अर्थिंगची तार.

शिवाय खंडेनवमी. त्या दिवशी बॉनेट उघडून इंजिनावर प्रेशरचा पाइप मारतात, मग हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि नारळ फोडून पाणी आत ओततात. ओतायला सपाट, चकचकीत जागा एकच दिसते. ती जागा म्हणजे डबा. नारळाचे पाणी कनेक्टरच्या पिनांवर वाळते आणि दिवाळीपर्यंत पिना हिरव्या होतात.

"आमी दरसाल करतो," असे एकदा महाळुंग्याच्याच बाळाजीने त्याला सुनावले होते. बाळाजीची जमीन कारखान्यांत गेली, आता दोन टेम्पो आहेत. "ट्रॅक्टरला तर कधी काय झालं न्हाई."

"ट्रॅक्टरला डोकं नव्हतं, बाळाजीभाऊ."

"आन् ह्याला हाय?"

"आहे, म्हणून तर दुखायलंय."

ज्योतीराम परांड्याचा. बार्शीत आयटीआय करून १९९३ साली भोसरीत आला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. भोसरीत तेव्हा पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्ता अडवायचा आणि भोंग्यावर घड्याळ लावता यायचे. कागलचे हिंदुराव तिथे एका टर्नरच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर लेथ आणि मिलिंग मशिनांची कंट्रोल कार्डे दुरुस्त करायचे. ज्योतीराम त्यांच्याकडे चिकटला आणि पंधरा वर्षे राहिला.

त्या पोटमाळ्याविषयी तो बोलायला लागला की हातातले काम थांबते. वर एक टेबल, एक डिसोल्डरिंगचा पंप, एक खिडकी. खाली लेथची घरघर, ती बंद पडली तरच लक्षात यायची. शनिवारी पीसीएमटीच्या बसने पुण्यात, बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी पार्ट आणायला जायचे. तिथला एक दुकानदार नंबर न बघता, ट्रान्झिस्टर नुसता बोटांत फिरवून "तिसरा खण, डावीकडे" असे सांगायचा. परतताना हिंदुराव त्याला न चुकता भजी खायला घालायचे आणि न चुकता म्हणायचे, "खा लेका, हे काय तुझ्या पगारातलं न्हाई."

मशिनची कार्डे कूलंटच्या तेलापासून वाचवायला लोखंडी पेटीत असत. दुरुस्ती झाली की पेटीच्या काठावर ट्यूबमधल्या सिलिकॉनची एक सलग रेघ ओढायची. ती पेस्ट ओली असताना तिला आंबूस वास येतो, चायनीजच्या गाडीवर येतो तसा. रेघ ओढलेली पेटी झाकण न लावता खिडकीतून शेजारच्या पत्र्यावर उन्हात ठेवायची. दुसऱ्या दिवशी झाकण, स्क्रू आणि मग गिऱ्हाईक. तो आंबूस वास म्हणजे काम संपल्याचा वास, असे ज्योतीरामच्या नाकात कायमचे बसले.

एक दिवस थांबायला कुणाची हरकत नसे. मशिनवाला दुसऱ्या दिवशी यायचा, चहा घ्यायचा आणि दुसऱ्या कपाला खरे बोलायचा: ऑपरेटरने फ्यूजच्या जागी तार घातली होती, किंवा मेव्हण्याने अर्थिंग तोडले होते. "पहिल्या कपाला सगळे साव असतात," असे हिंदुराव म्हणत. बिघाडाची निम्मी कारणे त्या चहावर कळायची.

२००२ साली निगडीचे एक डॉक्टर गाडीतला डबा घेऊन आले. हिंदुरावांनी हात लावला नाही. "गाडीतलं आपल्याला कळत न्हाई," म्हणाले. ज्योतीरामने लावला. एक टाका सुटलेला होता, तो बसवला आणि गाडी चालली. कार्ब्युरेटरची गाडी कानाने ऐकून दुरुस्त करणारे मिस्त्री तेव्हा एकेक करून गप्प व्हायला लागले होते. त्यांतले काही त्याच्याकडे डबे घेऊन येऊ लागले. २००८ मध्ये हिंदुराव कागलला परत गेले. कारखाने चाकणकडे सरकले, त्यांच्यामागून ज्योतीरामही सरकला.

इथे कुणी थांबत नाही. डबा टेबलावर पडायच्या आत विचारतात, "भाऊ, संध्याकाळी मिळेल ना?" चहा मागवला तर हात हलवतात. ज्योतीरामने कधी ठरवून काही बदलले नाही. रेघ ओढायची, लगेच झाकण दाबायचे, स्क्रू आवळायचे आणि डबा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही रीत केव्हा पडली ते त्याला सांगता येत नाही.

आम्रपाली राजगुरुनगरची, अडतीस वर्षांची. तेरा सीटची गाडी स्वतः चालवते. महाळुंग्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधणाऱ्या बारा बायकांना ती सकाळी सातच्या पाळीला आणते आणि साडेतीनला परत नेते. घर त्या कंत्राटावर चालते.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती दिवाळीच्या सुमारास. ज्योतीरामने विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले, "नारळ मीच फोडला, भाऊ. पाणीपण मीच टाकलं." पिना साफ केल्या, एक भाग बदलला, डबा सील केला. दुपारी आलेला डबा संध्याकाळी गेला.

मार्चमध्ये गाडी पुन्हा बंद पडली. मधल्या काळात तिने मागच्या दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड करून घेतली होती. शालनबाई नावाच्या एका कामगार बाईचे गुडघे धरले होते, तिला चढता येईना. ज्योतीरामला वेल्डिंगचे कारण पुरेसे वाटले. गाळ्यात तेव्हा चार ड्रायव्हर बसलेले होते.

"बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं मी," आम्रपाली म्हणाली. "माझ्या हातानं."

"ताई, सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांचं मला काय सांगता? मी काढलं होतं."

"गाडी सांभाळणं जमत नसेल, तर चालवू नये माणसानं," ज्योतीराम म्हणाला. एक ड्रायव्हर हसला. संध्याकाळी त्याने पुन्हा सील केलेला डबा आम्रपाली घेऊन गेली.

जुलैत गाडी वाकीजवळ तिसऱ्यांदा बंद पडली. बायका विटांच्या टेम्पोतून, जमेल तशा कारखान्यात पोहोचल्या, पाऊण तास उशिरा. कारखान्याच्या गाड्यांचे काम मालोजीराव बघतात. त्यांनी गुरुवारी आम्रपालीला सांगितले की सोमवारपासून दुसरी गाडी लावतो. तिने कारण विचारले.

"तुम्ही गाडी सांभाळत नाही. वेल्डिंग काय करता, पाणी काय ओतता. सगळे ड्रायव्हर बोलतात."

"ड्रायव्हरांना कुणी सांगितलं?"

"ज्योतीरामनं. आणि ज्योतीराम उगाच बोलणारा माणूस नाही."

ती तिथून थेट गाळ्यावर आली आणि डबा टेबलावर ठेवला. "यात माझा दोष कुठला, तेवढा शोधून द्या. सापडला तर गाडी विकते. नाही सापडला, तर ज्या तोंडानं सगळ्यांना सांगितलंत त्याच तोंडानं मालोजीरावांना सांगा. सोमवारच्या आत."

ज्योतीरामने डबा उघडला आणि हुंगला. कसलाच वास नव्हता.

त्याने भिंग घेतले. पाणी शिरते ते कनेक्टरकडून. तिथल्या पिना कोरड्या आणि पिवळ्याधमक होत्या. वेल्डिंगचा झटका बसला असता तर काहीतरी करपले असते. काहीही करपलेले नव्हते. मात्र कार्डाच्या चारही कडांना तांब्याच्या रेघा हिरव्या पडून कुठे कुठे तुटल्या होत्या. सिलिकॉनच्या रेघेशी हिरवा रंग सर्वांत दाट होता, आत जावे तसा विरळ. पाणी असे चारही बाजूंनी सारखे येत नाही.

त्याने फळीवरून स्वतःच दोन वर्षांपूर्वी सील केलेला एक जुना डबा काढला. कडा हिरव्या. दुसरा काढला, कंपनीतून आला तसा, कधी न उघडलेला. कडा स्वच्छ. मग त्याने पेस्टची ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे भिंगाखाली धरली. तांबे आणि इलेक्ट्रॉनिक भागांजवळ वापरू नये, असे तिथे इंग्रजीत लिहिलेले होते. तीस वर्षांत त्याने ट्यूबची ती बाजू कधी वाचली नव्हती.

तरी त्याला खात्री हवी होती. घरी जाऊन त्याने पत्नी अनिताची लोणच्याची रिकामी बरणी घेतली, आत तांब्याच्या तारेचा घासलेला तुकडा आणि बोटभर पेस्ट ठेवली आणि झाकण घट्ट लावले. दुसऱ्या बरणीत नुसती तार.

"आता हे मुरायला ठेवलं का?" अनिताने विचारले.

"शनिवारपर्यंत."

"मग दोन्ही बरण्या तुमच्याकडेच ठेवा. मला नकोत."

शनिवारी सकाळी पेस्ट नसलेल्या बरणीतली तार लाल होती. पेस्टसोबतची हिरवट, वर पांढुरकी भुकटी. पेस्ट वाळताना आंबूस वाफ सोडते. झाकण बंद असले की ती आतच राहते आणि तांबे खाते. पेटी दिवसभर उघडी उन्हात राहिली तर वाफ उडून जाते. भोसरीच्या पेट्या दहा-दहा वर्षे चालल्या त्या पत्र्यामुळे, आणि गेल्या काही वर्षांत त्याने स्वतः बंद केलेला कुठलाही डबा आतून मरत असू शकत होता.

त्याने कागलला फोन लावला. हिंदुराव आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येते. ज्योतीरामने मोठ्याने सगळे सांगितले आणि विचारले, "तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून पेट्या उन्हात ठेवायचो ना आपण?"

पलीकडून बराच वेळ खोकला आला. "अरे लेका, टेबल एकच हुतं. झालेलं काम हलवायचं कुठं? म्हणून पत्र्यावर."

"एवढंच?"

"मग? वाफबिफ मला काय म्हाईत. तुला म्हाईत हुतं व्हय?"

तीस वर्षे ज्योतीराम त्या उन्हाला गुरूची विद्या समजत होता. फोन ठेवल्यावर तो हसला, असे अनिता सांगते.

दुपारी त्याने आम्रपालीच्या कार्डावरच्या तुटलेल्या रेघा बारीक तारेने एकेक करून जोडल्या, जुनी पेस्ट खरवडून काढली, कार्ड स्पिरिटने धुतले. काठाला रबराची गॅस्केट कापून बसवली. पेस्टला हात लावला नाही. मग तो डबा आणि दोन्ही बरण्या पिशवीत घालून कारखान्याच्या गेटवर गेला. आम्रपालीला फोन करून तिथेच बोलावले होते.

मालोजीराव सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये बसले होते. ज्योतीरामने बरण्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"हे काय? लोणचं?"

"तार आहे. ही नुसती, ही माझ्या पेस्टसोबत ठेवलेली. बाईंच्या डब्यात हेच झालं. दोन्ही वेळा मीच सील केला होता."

"आणि वेल्डिंग?"

"वेल्डिंगनं काही झालेलं नाही. बाई म्हणाल्या टर्मिनल काढलं होतं, ते खरं होतं. मी ऐकलं नाही."

मालोजीरावांनी बरणी उजेडात धरली. "भाऊ, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"बाईंचं कंत्राट गेलं असतं."

"आमच्या आणखी नऊ गाड्यांत तुमचे डबे आहेत, हे लक्षात आहे ना?"

"आहे. नऊच्या नऊ उघडतो. त्याचं काही घेणार नाही."

"सोमवारी हिची गाडी बंद पडली तर?"

"तर माझ्यामुळे पडली असं समजा. दुसऱ्या गाडीचं भाडं मी देतो. बाईंना बोलू नका."

मालोजीराव आम्रपालीकडे वळले. "महिनाभर बघतो. एकदाही थांबता कामा नये."

"थांबली तर याच बरणीत मला घाला," ती म्हणाली.

ऑगस्ट गेला, गाडी थांबली नाही. कंत्राट तिच्याकडे राहिले. ज्योतीरामचे मात्र पहिल्यासारखे राहिले नाही. नऊ डब्यांपैकी चार आतून हिरवे निघाले. मग त्याने फोनमधले नंबर काढून मेकॅनिकांना एकेक करून कळवायला सुरुवात केली. मंचरचा एक जण म्हणाला, सांगितलंस ते बरं केलंस, आणि नंतर डबे पुण्याला पाठवू लागला. राजगुरुनगरच्या दोघांना वाटले, नवे काम काढायची ही युक्ती आहे. काहींनी डबे आणून दिले. टेबलावर आता सहा-सात उघडी कार्डे कायम असतात आणि डबा दोन दिवसांशिवाय मिळणार नाही, असे तो सांगतो. ऐकून निम्मे लोक निघून जातात. राहतात त्यांना तो चहा मागवतो.

त्या पहिल्या सोमवारी दुपारी आम्रपाली गाळ्यावर आली होती. सकाळी गाडी सातला वीस मिनिटे कमी असताना गेटवर लागली होती. गाळ्यात बाळाजी आणि आणखी दोन ड्रायव्हर होते. ती दारातच उभी राहिली.

"मार्चमध्ये चौघं होते," ती म्हणाली. "हे तिघंच आहेत."

"या तिघांना सांगून झालंय," ज्योतीराम म्हणाला. "चौथा गणराज. भाडं घेऊन नाशिकला गेलाय. त्याला फोनवर सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हेच, की चूक माझी होती."

"तेवढंच? गाडी चालवू नये म्हणाला होतात, ते?"

ज्योतीरामने हातातली सोल्डरिंग गन स्टँडला लावली. "ते राहिलं."

"मग लावा फोन."

बाळाजी खाकरला. "ताई, जाऊ द्या आता. एवढा शाणा माणूस, चुकला म्हंतोय."

"तुम्ही हसला होतात ना, बाळाजीभाऊ?"

"मी न्हवं. गणराज हसला हुता."

"म्हणून तर त्यालाच लावायचाय."

ज्योतीरामने फोन लावून स्पीकरवर टाकला. गणराज सिन्नरच्या पुढे कुठेतरी होता, मागून ट्रकांचे हॉर्न येत होते. ज्योतीरामने त्याला सांगितले की आम्रपालीताईंना गाडी सांभाळणे जमते, आणि तो बोलला ते बोलायला नको होते. गणराजला नीट ऐकू आले नाही. ज्योतीरामने तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटले, पंक्चरवाल्यालाही ऐकू जाईल इतके.

"ऐकलं, भाऊ," गणराज म्हणाला. "ताई तिथंच आहेत का?"

"आहे," आम्रपाली म्हणाली. "गाडी बाजूला घेऊन बोल, चालवताना नको."

तीन वाजून गेले होते. साडेतीनला पाळी सुटणार होती. ती वळली आणि गाडीकडे निघाली.